मिरची कधी तोडायची? सोलापुरातल्या कुंडीतल्या मिरचीसाठी

घरच्या झाडाला मिरच्या लगडल्या की प्रश्न एकच असतो: तोडू का अजून थांबू? मंडईतल्या मिरचीवरून याचा अंदाज बांधता येत नाही, कारण तिथं येणारी मिरची गोणीत दाबली जाईल, प्रवास सोसेल, या हिशेबाने तोडलेली असते. घरी ती अडचण नाही. कोवळी, पोसलेली, जून, रंग पलटलेली, पूर्ण लाल आणि झाडावरच सुकायला लागलेली अशा मिरचीच्या अवस्था आहेत आणि प्रत्येक अवस्थेत ती कुठल्या ना कुठल्या कामाची असते. भज्यांना शोभणारी मिरची ठेच्याला कमी पडते. ठेच्याची हिरवी मिरची वाळवून तिखट करायला गेलं तर ती पांढरट पडते. म्हणून आधी मिरची कशासाठी हवी ते ठरवावं आणि मग झाडाकडे जावं. शिवाय सोलापूरचं ऊन, परतीचा पाऊस आणि काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी यांनी मिरचीच्या पिकण्याचा वेग आणि दर्जा दोन्ही बदलतात. त्यामुळे बियांच्या पाकिटावर छापलेले दिवस इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पाकिटावरचे दिवस बहुतेक वेळा रोप लावल्यापासूनचे असतात, बी टाकल्यापासूनचे नव्हेत. रोपवाटिकेतून पाच-सहा आठवड्यांचं रोप आणून कुंडीत लावलं तर साधारण ३५ ते ४५ दिवसांत फुलं येतात, ६० ते ७५ दिवसांत हिरव्या मिरचीचा पहिला तोडा मिळतो आणि लाल मिरचीला ९० ते ११० दिवस लागतात. पण एकाच झाडावर आज उमललेलं फूल आणि महिन्याभराची मिरची शेजारी शेजारी असतात. झाडाचं वय मोजून फळाचं वय कळत नाही, ते फुलापासूनच मोजावं लागतं.

त्यासाठी रंगीत दोरा पुरतो, आणि टॉवेल-चादरींच्या या गावात सुताला काही तोटा नाही. आठवड्याचा एक रंग ठरवायचा. त्या आठवड्यात उमललेल्या तीन-चार फुलांजवळच्या फांदीला दोऱ्याची सैल गाठ मारायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेपुढे रंग लिहून ठेवायचा. गाठ फुलाच्या देठाला मारू नये, तो नाजूक असतो आणि फूल गळून पडतं. पुढे हिशेब सरळ आहे. तिखट मिरचीला फूल उमलल्यापासून पोसलेली हिरवी व्हायला २५ ते ३५ दिवस लागतात आणि पूर्ण लाल व्हायला ४५ ते ६०. सिमला मिरचीला हिरव्यासाठी ३५ ते ४५, तर लाल-पिवळ्या रंगासाठी ६० ते ७०. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत यात दहा-पंधरा दिवसांची भर धरावी. एकदा एका जातीचा हिशेब बसला की पुढच्या वर्षी दोऱ्याचीही गरज उरत नाही, नजरच बसलेली असते.

लांबी भरली म्हणजे मिरची भरली असं नाही

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पहिले दोन-अडीच आठवडे मिरची भराभर लांबते. मग लांबी थांबते आणि वरून पाहता ती तयार दिसते. खरं काम त्यानंतर आत सुरू असतं: साल जाड होते, बी भरतं, तिखटपणा चढतो. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन बियांमध्ये तयार होत नाही. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत ते तयार होतं, आणि बियांना लागून असल्यामुळे त्याही तिखट लागतात. बहुतेक जातींत हा तिखटपणा फुलापासून ४० ते ५० दिवसांच्या आसपास, म्हणजे रंग पलटायच्या सुमारास, कळसाला पोचतो. लांबी पूर्ण झाल्याबरोबर तोडलेली मिरची म्हणूनच मिळमिळीत निघते आणि तिला नुसता गवताचा वास येतो. मग 'घरच्या मिरचीला तिखटच नाही' अशी तक्रार होते. दोष जातीचा नसतो, घाईचा असतो.

शंका असेल तर एक मिरची बळी द्यावी. उभी चिरून उजेडात धरा. बी पांढरंशुभ्र, चपटं आणि नखाने सहज चिरडणारं असेल तर मिरची अजून कोवळी आहे. बी मलईच्या रंगाचं, फुगीर आणि नखाला किंचित विरोध करणारं असेल तर ती पोसली. तिखट जातीत याच वेळी पांढऱ्या शिरेवर पिवळसर, तेलकट, टाचणीच्या टोकाएवढे बारीक फोड दिसतात, तेच कॅप्सेसिन. बी पिवळं, टणक झालं असेल आणि साल दाताखाली चिवट लागत असेल तर हिरवी मिरची निबर झाली. तिचा ठेचा केला तर बिया दातात येत राहतील. तिला झाडावरच लाल होऊ द्यावं.

चिरायची नसेल तर बाहेरच्या खुणा पाहाव्यात, मात्र एकीवर विसंबू नये. कोवळ्या मिरचीची साल पातळ आणि चकचकीत असते, बोटांत दाबली की दबते. पोसलेली मिरची दाबली तर ताठ राहते आणि वाकवली तर कट्कन मोडते. देठाजवळचा भाग, म्हणजे मिरचीचे खांदे, भरून रुंद होतात आणि हिरवी टोपी त्यावर घट्ट बसल्यासारखी दिसते. कोवळेपणी उलट टोपीच मोठी वाटते. रंगाचं जातीजातीवर आहे. पुसा ज्वाला पोपटी असते आणि पोसल्यावरही तशीच राहते, त्यामुळे 'गडद झाली की तोडू' म्हणून थांबलात तर ती थेट तांबूस होऊन जाईल. तिच्या अंगावरच्या सुरकुत्यांवरूनही काही कळत नाही, ती जन्मापासून सुरकुतलेलीच असते. लवंगी किंवा इतर गडद जातींत मात्र पोसताना हिरवा रंग खोल होतो आणि रंग पलटण्याआधी त्यात शेवाळी, चॉकलेटी झाक येते. काही जातींत ऊन लागणाऱ्या बाजूवर जांभळट-काळे पट्टे उमटतात, विशेषतः थंडीत. तो रोग नाही. पट्टा गुळगुळीत असेल आणि खाली साल कडक असेल तर निर्धास्त राहा.

एक खोटी खूण मात्र नीट ओळखायला हवी. झाडावर सगळ्या हिरव्या असताना एखादीच मिरची आधी लाल झाली, तर 'चला, तयार झाल्या' असं समजू नये. ती उलटून पालटून पाहा. बहुधा तिला अळीचं बारीक छिद्र असतं किंवा टोकाला काळपट, खोलगट डाग. इजा झालेलं फळ वेळेआधी पिकतं. टोकाच्या काळ्या डागाला लोक अंड्याची टरफलं, चुना असे उपाय करतात. सोलापूरच्या काळ्या मातीत चुन्याची कमतरता नसते, बोअरच्या पाण्यातही तो भरपूर. कमतरता असते ती नियमित पाण्याची. नळ आला त्या दिवशी कुंडी तुडुंब आणि मग तीन दिवस कोरडी, असं झालं की मातीतला चुना फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. ड्रममध्ये पाणी साठवून रोज थोडं द्यावं आणि कुंडीवर ज्वारीच्या पाचटाचा चार बोटं थर अंथरावा. नवीन फळं नीट येतात. डाग पडलेली फळं तोडून टाकावीत, ती सुधारत नाहीत.

कशासाठी कोणती मिरची

ठेच्याला, फोडणीला आणि वाटणाला पोसलेली पण रंग न पलटलेली हिरवी मिरची घ्यावी, फुलापासून महिन्याच्या आसपासची. भाकरीबरोबरच्या ठेच्याला दोन-चार शेवाळी पडलेल्या मिरच्या मिसळल्या तर जाळ आणि चव दोन्ही वाढतात.

भज्यांसाठी भावनगरीसारखी जाड, फिकट मिरची लांबी पूर्ण होऊन चार-पाच दिवस झाले की तोडावी, त्याहून थांबू नये. साल जाड झाली की तळताना बाहेरचं बेसन करपतं आणि आत मिरची कच्ची राहते. कुंडीला पाण्याचा ताण पडला असेल तर हीच गोडसर मिरची चांगली तिखट निघते, म्हणून पाहुण्यांसाठी करण्याआधी एकीचा तुकडा चाखून पाहा.

सांडग्या मिरचीला पूर्ण वाढलेली, बी मलईच्या रंगाचं पण टणक न झालेलं, अशी हवी. कोवळी घेतली तर ताकातून काढून वाळवताना ती कागदासारखी पातळ होते आणि तळली की लगेच काळी पडते. निबर घेतली तर मीठ आत मुरत नाही.

लाल मिरचीचा ठेचा किंवा लोणचं करायचं तर पूर्ण लाल, पण अजून ताठ आणि चकचकीत अशी मिरची. लाल झाली म्हणजे तिखटपणा उतरला असं नसतं. साखर वाढलेली असते म्हणून तिखट जरा गोडसर अंगाने येतं. क जीवनसत्त्वही हिरवीपेक्षा लालमध्ये जास्त असतं.

वाळवायची मिरची सगळ्यात उशिरा तोडावी: देठापर्यंत लाल, साल किंचित सैल पडलेली, टोकाला बारीक सुरकुती धरलेली. ब्याडगीसारख्या जातीचा गडद रंग झाडावर असं थांबल्यानेच उतरतो. खांद्याजवळ जरी हिरवा कडा राहिला तरी वाळल्यावर तिथे पांढरट-पिवळा चट्टा येतो. बाजारात अशा मिरचीला फटकी म्हणतात आणि तिचा भाव पडतो तो याच कारणाने.

आता अडचण अशी की फळं लाल होईपर्यंत झाडावर ठेवली तर झाड नवी फुलं धरत नाही, धरली तरी गाळतं. बी पक्व झालं की झाडाच्या दृष्टीने त्याचं काम संपलेलं असतं. म्हणून एकाच झाडाकडून हिरवी आणि लाल दोन्ही भरपूर मिळायची अपेक्षा करू नये. चार कुंड्या असतील तर तीन हिरवीसाठी ठेवाव्यात आणि दर सात-आठ दिवसांनी, उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी, तोडा घ्यावा. चौथी लालसाठी सोडून द्यावी. हिरवीच्या झाडांचा पहिला तोडा तर फळं थोडीशी लहान असतानाच घ्यावा. त्या पाच-सात मिरच्यांचा मोह सोडला की पुढच्या महिन्यात झाड चांगलं फुटतं.

सिमला मिरचीचं गणित वेगळं आहे. पहिलं फूल फांद्यांच्या बेचक्यात येतं. झाड तेव्हा फूटभरसुद्धा उंच नसेल तर ते फूल खुडून टाकावं, नाहीतर सगळी ताकद त्या एका फळात जाते आणि झाड खुरटतं. हिरवी तोडायची तर आकार भरल्यावर अंगठ्याने खांद्यावर दाबून पाहा. दबली तर थांबा. भिंत जाड झालेली मिरची दबत नाही, हातात वजनदार लागते आणि टिचकी मारली तर पोकळ, स्पष्ट आवाज देते. तळाचे तीन-चार उंचवटे भरून आलेले असतात. लाल किंवा पिवळी करायची तर आणखी तीन-चार आठवडे झाडावर ठेवावी लागते. कुंडीतल्या झाडावर एका वेळी दोन फळांपेक्षा जास्त रंगावर ठेवू नयेत. थंडीत कधी कधी बुटकी, चपटी, आत जवळजवळ बीच नसलेली सिमला येते. रात्री गारठ्यामुळे परागीभवन नीट होत नाही, म्हणून ती तशी राहते. ती मोठी होणार नाही, तोडून भाजीत घाला.

शेजारी तिखट मिरची लावली तर सिमला तिखट होते, असं सर्रास बोललं जातं. त्या हंगामातल्या फळावर काहीही परिणाम होत नाही, कारण साल आणि शीर दोन्ही आईच्या झाडाच्या असतात. संकर झाला असेल तर तो बियांत असतो आणि ते बी लावल्यावर पुढच्या पिढीत दिसतो.

सोलापूरच्या हंगामात

जून-जुलैत लावलेलं रोप सप्टेंबरात ऐन भरात असतं, आणि आपल्याकडे सर्वाधिक पाऊस पडतो तोही सप्टेंबरातच. या महिन्यात लाल मिरची झाडावर ठेवू नका. पिकलेल्या सालीवर ओल टिकली की फळसड येते: आधी सुईच्या टोकाएवढा पाणचट ठिपका, मग तो गोल, खोलगट होत जातो आणि त्यात काळ्या बारीक ठिपक्यांची एकात एक वर्तुळं दिसू लागतात. दोन दिवसांत शेजारची मिरचीही धरते. अशी फळं कुंडीत किंवा खताच्या डब्यात टाकू नयेत आणि त्यांचं बी तर मुळीच ठेवू नये. पावसाचे दिवस असतील तेव्हा मिरचीचा चौथा हिस्सा रंगला की तोडून घरात आणावी. पसरट टोपलीत कागदावर एका थरात, माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवली तर चार-सहा दिवसांत उरलेला रंग चढतो. पूर्ण हिरवी तोडलेली मात्र घरात लाल होत नाही, नुसती सुकते. केळ्याबरोबर पिशवीत बांधायची युक्ती टोमॅटोला लागू पडते, मिरचीला नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोलापुरात मिरचीसाठी सर्वोत्तम, आणि सिमला तर गच्चीवर याच दिवसांत घ्यावी असं माझं ठाम मत आहे. लाल मिरचीही याच दिवसांत झाडावर सोडावी: हवा कोरडी, ऊन सोसवेल असं, फळसडीची भीती नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास रात्री गार पडतात तेव्हा रंग चढणं रेंगाळतं आणि मिरच्या पंधरा-पंधरा दिवस शेवाळी रंगावर अडून राहतात. धीर धरावा. कुंडी भिंतीच्या पश्चिम किंवा दक्षिण बाजूला सरकवली तर भिंतीची ऊब रात्री उपयोगी पडते.

मार्च उजाडला की सगळं उलटतं. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं गळायला लागतात. एप्रिल-मेमध्ये तो ४० ओलांडतो तेव्हा नवी फळधारणा जवळपास थांबते. जी थोडी मिरची धरते ती आखूड आणि कमी बियांची असते. ती मोठी व्हायची वाट पाहू नये, कडक लागली की तोडावी. उघड्यावर लटकलेल्या फळांच्या पश्चिमेकडच्या अंगावर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. ते उन्हाने भाजलेले असतात. मिरच्या नीट दिसाव्यात म्हणून पानं खुडणाऱ्यांच्या झाडावर हे हमखास दिसतं. पानं राहू द्यावीत आणि दुपारसाठी ५० टक्के सावलीची शेडनेट बांधावी. चट्टा ताजा असेल तर तेवढा भाग कापून बाकी मिरची वापरता येते, पण त्यावर काळी बुरशी धरली की टाकून द्यावी.

तोडताना

हिरवी मिरची सकाळी तोडावी, दव वाळल्यावर आणि ऊन तापायच्या आत. उन्हाळ्यात म्हणजे आठच्या आधी. दुपारी झाड माना टाकतं आणि मिरचीही लिबलिबीत होते, फ्रीजमध्ये ठेवली तरी ती पुन्हा कडक होत नाही. आदल्या संध्याकाळी कुंडीला पाणी दिलेलं असावं. वाळवायची लाल मिरची मात्र दुपारी बारानंतर, अंगावर ओलीचा मागमूस नसताना काढावी.

देठ फांदीला जिथे जोडलेला असतो तिथे एक गाठ असते. लहान मिरची त्या गाठीवरून वरच्या दिशेला उचलली की सुटते. खाली ओढली तर फांदी फाटते, आणि सकाळी झाडात पाणी भरलेलं असल्यामुळे फांद्या जास्तच ठिसूळ असतात. सिमला आणि भावनगरी कात्रीनेच कापावी, फळावर बोटभर देठ ठेवून. एक हात फांदीला, एक फळाला. देठ टोपीसकट उपटला गेला तर त्या भोकातून सड सुरू होते, अशी मिरची त्याच दिवशी वापरावी.

हातांबद्दल एक गोष्ट सोलापुरात आवर्जून सांगायला हवी. घरात विडी वळण्याचं काम चालत असेल किंवा कुणी तंबाखू मळत असेल, तर साबणाने हात धुतल्याशिवाय मिरचीच्या झाडाला हात लावू नये. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हाताने आणि कात्रीने मिरचीत येतो. पानं पिवळी-हिरवी चितकबरी होतात, फळं वेडीवाकडी येतात आणि त्यावर औषध नाही. असं एखादं झाड असेल तर त्याचा तोडा सगळ्यात शेवटी घ्यावा.

फवारणी करायची असेल तर आधी तोडा, मग फवारा. कडुलिंबाचं तेल लिटरभर पाण्यात ५ मिली, त्यात साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारायचं, आणि पुढचा तोडा किमान तीन-चार दिवसांनी घेऊन मिरच्या धुऊनच वापरायच्या. दुकानातलं रासायनिक औषध वापरलंच तर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं. ते वाचून कॅलेंडरवर खूण करावी.

तोडा झाला की कुंडीला दोन मुठी गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, दर तीन आठवड्यांनी. युरिया टाळावा. त्याने पाला माजतो आणि फुलं मागे पडतात.

घरात आणल्यावर

हिरवी मिरची धुऊन ठेवू नये. आठवडाभरात संपणार असेल तर देठासकट, कापडी पिशवीत, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात. जास्त दिवस ठेवायची तर देठ काढून, कोरड्या फडक्याने पुसून, कागद अंथरलेल्या डब्यात. दोन ते तीन आठवडे छान टिकते, फक्त कागद ओलसर झाला की बदलायचा. फ्रीजच्या अगदी वरच्या थंड कप्प्यात ठेवली तर सालीवर खड्डे पडतात आणि बी काळं होतं.

लाल मिरची उन्हात टाकायच्या आधी एक-दोन दिवस घरात कापडावर सावलीत पसरावी, म्हणजे राहिलेला रंग एकसारखा होतो. मग खाटेवर सुती कापड घालून एका थरात ऊन द्यावं, खालूनही वारा लागतो. दिवसातून दोनदा हलवावी आणि सूर्य मावळायच्या आत आत घ्यावी, दव पडलं की फटकी होते. सोलापूरच्या कोरड्या उन्हात लहान मिरची पाच-सहा दिवसांत, जाड सालीची आठ-दहा दिवसांत वाळते. हलवली की बी खुळखुळतं, देठ वाकवला की मोडतो आणि साल दुमडल्यावर तडकते, तेव्हा ती वाळली. चामड्यासारखी वाकत असेल तर अजून ओल आहे. तशीच डब्यात भरली तर आत करडी-काळी बुरशी धरते, जी बाहेरून दिसत नाही. भरण्याआधी पाच-सहा मिरच्या फोडून पाहाव्यात. बुरशी दिसली तर तो सगळा घाणा टाकून द्यावा, भाजून किंवा तळून ती सुरक्षित होत नाही. किलोभर ओल्या लाल मिरचीतून २५० ते ३०० ग्रॅम वाळलेली मिरची हाती येते. वर्षाच्या तिखटाला चार कुंड्या पुरणार नाहीत, त्यासाठी बाजारातून मिरची आणावीच लागेल. पण फोडणीला आणि शेंगाच्या चटणीला घरची मिरची सहज पुरते, आणि तिचा वास डबा उघडल्याबरोबर वेगळा येतो.

बियाण्यासाठी मिरची ठेवायची तर निरोगी झाडावरची दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याच्या वेळची दोन-तीन चांगली फळं आधीच निवडून त्यांना पांढरा दोरा बांधावा, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडणार नाही. पूर्ण लाल झाल्यावर आणखी आठवडाभर झाडावर ठेवावीत. संकरित वाणाचं बी ठेवू नये, त्यातून तशीच मिरची येत नाही. ज्वाला, फुले ज्योती यांसारख्या सुधारित वाणांचं ठेवता येतं, पण जवळ दुसरी मिरची असेल तर फूल उमलायच्या आधीच कळीवर मलमलची छोटी पिशवी बांधावी आणि फळ धरलं की काढावी. मिरचीचं फूल स्वतःच्या परागानेही फळ धरतं. फांदी सकाळी हलक्या हाताने हलवली की पुरे. बी काढताना हाताला आधी गोडं तेल चोळावं, कारण कॅप्सेसिन नुसत्या पाण्याने जात नाही. काढलेलं बी सावलीत आठवडाभर वाळवून, कागदाच्या पुडीत जात आणि वर्ष लिहून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावं. गार, कोरड्या जागी ते दोन वर्षं चांगलं उगवतं.